गाव शहर होताना : आटपाडीकरांनी आराखड्यात हात कसा घालावा

ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली की काही बदल लगेच नजरेत भरतात. कचेरीवरची पाटी बदलते, सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष येतो, ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी बसतो आणि सतरा प्रभागांतून सतरा नगरसेवक निवडून येतात. एक गोष्ट मात्र गाजावाजा न होता निघून जाते, ती म्हणजे ग्रामसभा. ग्रामपंचायतीच्या गावात मतदार यादीत नाव असलेला कुणीही उठून हिशेब विचारू शकतो आणि अशी सभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावीच लागते. नगरपंचायतीत तशी हक्काची जागा उरत नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांसाठी प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या खऱ्या, पण तीन लाख आणि त्याहून अधिक लोकवस्तीच्या शहरांत. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीसारखं, नुकतीच नगरपंचायत झालेलं छोटं शहर त्यात बसत नाही.

शहराचं पाणी, सांडपाणी, कचरा, ओढे, झाडं आणि माळ यांचं पुढच्या वीस वर्षांत काय होणार, हे गावाचं शहर होण्याच्या याच काळात ठरत असतं. म्हणून सभा गेली तरी सभेचं काम सोडून चालणार नाही. रहिवाशांनी ते स्वतःहून उभं करावं लागेल, आणि आटपाडीला ते नवीन नाही.

संस्थानी काळात आटपाडी हा औंधचा तालुका होता. जानेवारी १९३९ मध्ये औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटना जाहीर केली आणि कारभार ग्रामपंचायतींकडे सोपवला. गावातल्या प्रौढांनी पंचायत निवडायची आणि पंचायतींतून तालुक्याचा कारभार उभा राहायचा, अशी ती रचना होती. आटपाडीजवळची स्वतंत्रपूरची खुली वसाहत त्याच काळातली. कैद्यांना भिंतींशिवाय ठेवता येतं, हा विश्वास इथल्या मातीत करून पाहिला गेला. साध्या माणसांच्या हाती कारभार दिला तर तो चालतो, हे या तालुक्याने तेव्हाच पाहिलं आहे.

त्याहून जवळचं उदाहरण टेंभूचं. टेंभू हे कराड तालुक्यातलं कृष्णाकाठचं गाव. तिथून कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने उपसून खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि सांगोल्याच्या दुष्काळी पट्ट्यात न्यायचं, अशी ही योजना. काम १९९६ साली सुरू झालं. मूळ आराखड्यात आटपाडी तालुक्यातली सगळी गावं मात्र नव्हती. कालव्याच्या लाभक्षेत्रात येणारी गावं पाण्याची, बाकीची कोरडी. हे चित्र बदललं ते पाणी चळवळीमुळे. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, सांगोल्याचे गणपतराव देशमुख आणि श्रमिक मुक्ती दलाचे डॉ. भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषद भरू लागली. सातारा, सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांतले १३ दुष्काळी तालुके तिच्यात एकत्र आले. मागणी स्पष्ट होती : पाणी प्रत्येक गावाला आणि प्रत्येक कुटुंबाला, भूमिहीनालाही, समान वाट्याने.

या चळवळीतून आजच्या नगरपंचायतीच्या रहिवाशांनी एक गोष्ट नक्की उचलावी. ‘पाणी द्या’ एवढ्यावर ती थांबली नाही. पुण्याच्या सोपेकॉम या संस्थेच्या अभ्यासकांसोबत गावोगावची माहिती गोळा झाली, कुठल्या गावाला किती पाणी कुठल्या वाटेने जाईल याचा पर्यायी हिशेब मांडला गेला. उघड्या कालव्याऐवजी बंद नळांतून समन्यायी वाटप करण्याचा आग्रह सरकारला मान्य करावा लागला, तो या तयारीच्या जोरावर. मोर्चात माणसं हजारो होती, पण चर्चेच्या टेबलावर कामाला आले ते नकाशे आणि आकडे.

शहराच्या बाबतीतही हाच रस्ता आहे. आधी आराखडा कसा तयार होतो ते समजून घ्यावं. महाराष्ट्रात विकास आराखडा १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याखाली बनतो. पहिल्यांदा नियोजन प्राधिकरण, म्हणजे इथे नगरपंचायत, आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते. मग सध्याच्या जमीनवापराचा नकाशा तयार होतो : कुठे घरं, कुठे शेती, कुठे पाणी, कुठे मोकळी जागा. त्यानंतर प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, ठरावीक मुदतीत हरकती आणि सूचना मागवल्या जातात, नियोजन समितीपुढे सुनावणी होते आणि शेवटी सरकारची मंजुरी लागते.

बहुतेक ठिकाणी लोक जागे होतात ते प्रारूप आराखडा भिंतीवर लागल्यावर. कारणही तसंच असतं, कुणाच्या तरी गटावर बागेचं नाहीतर शाळेचं आरक्षण पडलेलं असतं. मग शेकडो हरकती येतात आणि त्यातल्या बहुतेक ‘माझी जमीन वगळा’ एवढंच सांगणाऱ्या असतात. ओढ्याच्या बाजूने हरकत घ्यायला कुणी नसतं, कारण ओढा कुणाच्याच नावावर नसतो. खरी संधी त्याआधीची आहे, जमीनवापराचा नकाशा तयार होत असतानाची. त्या नकाशात ओढ्याचा एखादा फाटा ‘पडीक’ म्हणून रंगला, तर पुढे त्यावर प्लॉट पडायला वेळ लागत नाही.

म्हणून पहिलं काम ओढा चालत जाण्याचं. आटपाडीतून शुक ओढा वाहतो, त्याला येऊन मिळणारे छोटे ओहोळ आहेत. दहा-बारा जणांनी एका रविवारी सकाळी ओढ्याच्या वरच्या अंगाने सुरुवात करावी. सोबत तलाठ्याकडून घेतलेली गावनकाशाची प्रत, एक वही आणि फोनचा कॅमेरा. दर शंभर-दोनशे पावलांवर थांबून चार गोष्टी लिहाव्यात : पात्र किती रुंद आहे, कुठे भराव किंवा राडारोडा टाकला आहे, कुठल्या गटाराचं तोंड पात्रात सोडलं आहे आणि मोरीच्या नळ्या मोकळ्या आहेत की गाळाने भरल्या आहेत. गट नंबर समजत असेल तर तोही टिपावा. मालकाचं नाव लिहू नये. हे भांडण उकरून काढण्याचं काम नाही.

या फेरीत म्हाताऱ्या माणसांना सोबत घ्यावंच. ऑक्टोबर २०२० मध्ये सांगली आणि सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्यात अतिवृष्टी झाली, तेव्हा एरवी कोरडे पडणारे ओढे रस्त्यांवरून वाहिले. ओढ्याकाठी राहणारी बाई पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं ते बोटाने दाखवते. तिथे खडूने खूण करून, फीत लावून जमिनीपासूनची उंची मोजावी आणि तारीख घालून फोटो काढावा. सुनावणीच्या वेळी अशा वीस खुणा समितीपुढे ठेवल्या तर ‘आमच्या भागात पाणी शिरतं’ या तोंडी तक्रारीपेक्षा त्यांचं वजन कितीतरी जास्त असतं. दुष्काळी शहरात पुराचा विचार कशाला, असं वाटू शकतं. पण अवर्षणाच्या मुलखात पाऊस थोडा असला तरी अनेकदा एकदम कोसळतो, आणि वर्षानुवर्षं कोरडं पात्र पाहून माणसं तिथे घरं बांधतात. धोका तिथेच आहे.

आता पाणी. इथे आकडे स्वतः काढता येतात आणि ते काढण्याची सवय लागली की नगरपंचायतीशी बोलण्याची भाषाच बदलते. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. हजार चौरस फुटांचं छत म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. वर्षाला ४०० मिलिमीटर पाऊस धरला आणि वीस टक्के वाया गेला असं मानलं, तरी त्या एका छतावरून सुमारे ३०,००० लिटर पाणी उतरतं. सरकारी निकषानुसार ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी धरतात. त्या हिशेबाने पाच माणसांच्या घराची ती तीन महिन्यांहून अधिक दिवसांची गरज आहे. सगळं साठवायला मोठी टाकी लागेल आणि ती प्रत्येकाला परवडणार नाही, हे खरं. पण पन्हाळीचं पाणी गाळणीतून जुन्या आडात किंवा कोरड्या बोअरच्या कडेच्या शोषखड्ड्यात सोडायला फार खर्च येत नाही. प्रभागातली अशी पन्नास छतं मोजून यादी नगरपंचायतीला दिली, तर घरपट्टीत सवलत मागायला आधार मिळतो.

दुसरा हिशेब विजेचा. हजार लिटर पाणी शंभर मीटर उंच चढवायला नुसत्या भौतिकशास्त्राच्या हिशेबाने पाव युनिटाहून थोडी जास्त वीज लागते, पंपातली घट धरली की त्याहूनही बरीच जास्त. टेंभूचं पाणी अनेक टप्प्यांनी वर चढून येतं आणि त्यातून तालुक्यातले तलाव भरून घेतले जातात. या उपसा योजनांच्या वीजबिलाचे ८१ टक्के सरकारने आणि १९ टक्के लाभधारकांनी भरायचे, असं सूत्र ठरलं ते याच बोज्यामुळे. म्हणजे आटपाडीत गळणाऱ्या प्रत्येक नळातून पाण्यासोबत वीजही गळते. पाणी वाचवणं आणि वीज वाचवणं ही दोन वेगळी अभियानं समजायचं इथे कारण नाही.

नळ मीटरचा मुद्दा निघाला की लोक बिचकतात. त्यासाठी कराडला लागून असलेलं मलकापूर पाहून यावं. नगरपंचायत असतानाच मलकापूरने चोवीस तास पाणीपुरवठ्याची योजना राबवली. प्रत्येक जोडणीला मीटर आणि वापर वाढेल तसा चढता दर, असा तिचा पाया होता. पाणी कधीही मिळणार याची खात्री पटली की घरात चार-चार पिंपं भरून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी शिळं म्हणून ओतून द्यायची गरज राहत नाही. आटपाडीत चोवीस तास पाणी लगेच शक्य आहे का, हा वेगळा प्रश्न. पण किती पाणी टाकीतून सुटतं आणि किती घरात पोचतं, याचा मासिक आकडा फलकावर लावा, ही मागणी आजही करता येते. घरातल्या घरात सुरुवात करायची तर ठिबकणाऱ्या नळाखाली रात्री एक बाटली लावून सकाळी ती मोजावी. शाळेतल्या मुलांनी प्रभागात हे केलं तर आठवड्याभरात गळतीचा नकाशा तयार होतो.

पाणी वाढलं की सांडपाणी वाढतं. वापरलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के गटारात जातं, असं धरलं जातं. भुयारी गटार योजना छोट्या शहरांना परवडतेच असं नाही, आणि ती होईपर्यंत सेप्टिक टाक्यांतला मैला कुठे जातो हा प्रश्न विचारायलाच हवा. टाकी भरून वाहू लागली की लोक टँकर बोलावतात, आणि टँकर रिकामा कुठे होतो हे कुणी पाहत नाही. सातारा जिल्ह्यातल्या वाईने यावर सरळ उत्तर काढलं आहे. तिथे शहराचे भाग पाडून दर तीन वर्षांनी घरोघरच्या टाक्या वेळापत्रकाने उपसल्या जातात आणि मैला प्रक्रिया केंद्रात नेला जातो. २०१८ पासून हे चालू आहे. आटपाडीच्या रहिवाशांनी प्रभागातल्या टाक्यांची यादी करावी : किती घरांना टाकी आहे, शेवटचा उपसा कधी झाला, टँकर दारापर्यंत येतो का. या तीन प्रश्नांची उत्तरं हाती असतील तर नगरपंचायतीला योजना करायला निम्मं काम झालेलं मिळतं.

कचऱ्याच्या बाबतीत लांब जायला नको. शेजारचं विटा २०२१ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत देशात पहिलं आलं. कोकणातल्या वेंगुर्ल्यात मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात कचरा इतक्या बारकाईने वेगळा होऊ लागला, की कचरा डेपोची जागा लोकांनी पाहायला यावं अशी झाली. दोन्हीकडे कळीची गोष्ट एकच : कचरा घरातच वेगळा झाला आणि घंटागाडीने तो वेगळाच ठेवला. घंटागाडीत ओला-सुका पुन्हा एकत्र होतो, हे एकदा दिसलं की लोक वेगळं करणं सोडतात. त्यामुळे पहिला महिना घंटागाडीमागून चालून पाहण्यात घालवावा.

आटपाडीच्या कचऱ्याचा स्वभाव मात्र पुण्या-मुंबईसारखा नाही. इथे शेळ्या-मेंढ्यांचा मोठा बाजार भरतो, डाळिंबाचे सौदे होतात. बाजार उठल्यावर मागे राहतात लेंड्या, चाऱ्याची कुट्टी, फुटलेली आणि डागी डाळिंबं, पेटीत घातलेली कागदाची कात्रणं. यातलं जवळपास सगळं कुजणारं आहे आणि खत म्हणून मोलाचं. माणदेशात, म्हणजे आटपाडीच्या या दुष्काळी मुलखात, लेंडीखताचं मोल कुणाला सांगावं लागत नाही, शेतात मेंढ्या बसवायला शेतकरी पैसे मोजतो. मग बाजारतळाच्या एका कडेला खताचे हौद बांधून तयार खत डाळिंबवाल्यांना विकणं ही नगरपंचायतीने करण्यासारखी सगळ्यात सोपी गोष्ट आहे. अट एकच, त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि गुटख्याच्या पुड्या मिसळता कामा नयेत. ते काम बाजारकऱ्यांशी बोलूनच होईल, दंडाच्या पावतीने होणार नाही.

झाडांबद्दल थोडं परखड लिहायला हवं. पर्यावरण म्हटलं की लगेच वृक्षारोपण, आणि जागा कुठली तर गावाबाहेरचा माळ. माणदेशचा माळ रिकामा नाही. २०२३ साली सरकारने सुमारे साडेनऊ चौरस किलोमीटरचं आटपाडी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केलं. लांडगा, कोल्हा, खोकड यांचा हा परिसर. गवताळ माळावर खड्डे खणून परदेशी झाडं लावली तर गवत जातं, गवतासोबत मेंढरांची चराई जाते, आणि लावलेली झाडंही टँकर थांबला की वाळतात. झाडं लावावीत ती वस्तीत, रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात, ओढ्याच्या काठी. कडुनिंब, बाभूळ, करंज, चिंच, बोर यांना या पावसाची सवय आहे. आणि नव्या रोपांइतकीच जुनी झाडं मोजावीत. शहरी भागाला लागू असलेला १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायला सांगतो आणि ५० वर्षांहून जुन्या झाडाला खास संरक्षण देतो. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. ती नोंदवही आटपाडीत भरायची तर मेंढपाळांना लेखनिकाशेजारी बसवावं. कुठल्या माळावर कुठलं गवत कधी येतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

हे सगळं कागदावर राहू नये म्हणून पैशाची वेळ सांभाळावी लागते. पुणे महापालिकेने २००६-०७ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घ्यायला सुरुवात केली. ब्राझीलमधल्या पोर्तु आलेग्री शहराने १९८९ मध्ये याची वाट घालून दिली होती. आटपाडीच्या नगरपंचायतीला असा उपक्रम सुरू करायला कुणाची आडकाठी नाही, सर्वसाधारण सभेचा एक ठराव पुरतो. पण तो होईपर्यंत थांबू नये. नवं अंदाजपत्रक मार्चच्या आधी ठरतं, म्हणून प्रभागाच्या सूचना डिसेंबरमध्येच लेखी द्याव्यात, पोच घ्यावी. वित्त आयोगाच्या अनुदानाचा मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवलेला असतो. ‘पैसा नाही’ असं उत्तर आलं तर तो भाग कुठे खर्च झाला ते विचारावं. त्यासाठी माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज आहेच. शिवाय २०१८ च्या शासन निर्णयाने दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना दप्तर पाहण्याची मुभा दिली आहे. फाईल स्वतः पाहिली की निम्मे गैरसमज जागीच मिटतात, अधिकाऱ्यांबद्दलचे आणि नागरिकांबद्दलचेही.

उरते ती सभा. ग्रामसभेची जागा घेणारी प्रभागसभा नगरसेवकाला बोलावून, पण नगरसेवकाची वाट न पाहता घ्यावी. वेळ ठरवताना कोण येऊ शकणार नाही याचा आधी विचार करावा. संध्याकाळी सहाला ठेवली तर स्वयंपाकाच्या वेळेमुळे बायका येत नाहीत, आणि पाणी, गटार, कचरा यांची बित्तंबातमी तर त्यांच्याकडेच असते. मेंढपाळ कुटुंबं वर्षातले बरेच महिने कळपासोबत बाहेर असतात. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यातले आटपाडीकर देशभर विखुरलेले आहेत, आणि गावातल्या नव्या प्लॉटांवर घरं बांधणाऱ्यांत तेही आहेत. ही माणसं गावात असतात ती यात्रेच्या दिवसांत. कार्तिकात उत्तरेश्वराच्या यात्रेच्या सुमारास एक सभा ठेवली, ओढ्याचा हाताने काढलेला नकाशा तिथे टांगला आणि प्रत्येकाला आपलं घर, आपली टाकी, आपल्या दारातली मोरी त्यावर दाखवायला सांगितली, तर डिसेंबरमध्ये द्यायच्या सूचनांची यादी त्याच दिवशी तयार होते. तिच्यावर हजर असलेल्यांच्या सह्या घ्याव्यात, एक प्रत मुख्याधिकाऱ्यांना, एक नगराध्यक्षांना द्यावी आणि तिसरी प्रभागातल्या वाचनालयात ठेवावी. पुढच्या वर्षीच्या सभेची सुरुवात तीच यादी वाचून करायची : कुठलं काम झालं, कुठलं राहिलं आणि का राहिलं.